अर्ध्या व्हायलचा हिशेब : मुंबईतल्या एका विभागाच्या लसपुरवठ्याचा प्रकरण अभ्यास

मंगळवार, सकाळचे दहा. वस्तीतल्या बालवाडीत बाह्य लसीकरण सत्र लागले आहे. टेबलावर व्हॅक्सिन कॅरिअर (लस थंड ठेवून नेण्याची पेटी), शेजारी सिरिंजची सुई कापणारा हब कटर, आरोग्य सेविकेच्या हातात ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायच्या बाळांची यादी. गोवर-रुबेला म्हणजे एमआरच्या लसीसाठी यादीत १४ बाळे आहेत. सव्वादहाला पहिले बाळ आले, परिचारिकेने दहा डोसांच्या व्हायलमध्ये (लसीच्या कुपीत) द्रावक घातले आणि लेबलवर वेळ लिहिली. ही लस विरघळवली की चार तासांत संपवावी लागते. पेंटा (पाच रोगांवरची एकत्रित लस) किंवा हिपॅटायटिस-बी सारखी उघडी व्हायल २८ दिवस पुढच्या सत्रांना चालते, तशी ती चालत नाही. सव्वादोनपर्यंत सहा बाळे आली, उरलेले चार डोस टाकण्याच्या डब्यात गेले. आवराआवर सुरू असताना एक आई बाळाला घेऊन धावत येते. कंपनीतून अर्धी सुट्टी काढून आली आहे.

नियम स्पष्ट आहे : एका बाळासाठीही नवी व्हायल उघडायची. पण महिन्याच्या अहवालात वाया गेलेल्या डोसांचा रकाना असतो आणि एमआरसाठी मान्य वाया प्रमाण २५ टक्के आहे. त्यामुळे पुष्कळदा तोंडून निघते, ‘ताई, पुढच्या मंगळवारी लवकर या.’ पुढच्या मंगळवारी ती आई येईलच असे नाही. गोवराची साथ पसरते ती अशाच राहून गेलेल्या बाळांमधून. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत ती पसरली. तेव्हा नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यावा लागला, आणि नऊ महिन्यांखालच्या बाळांत जिथे रुग्ण जास्त होते तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही.

लसपुरवठा शाश्वत करण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची असेल तर सुरुवात या टेबलापासून करायला हवी. गाडीचा मार्ग, गोदामातले यंत्रमानव, चकचकीत डॅशबोर्ड हे सगळे नंतरचे.

इथे घेतलेला विभाग नमुन्यादाखल बांधलेला आहे. तो पूर्व उपनगरात आहे. त्यात विभागाचा एक लससाठा, आठ आरोग्य केंद्रे आणि एक प्रसूतिगृह आहे. प्रत्येक केंद्राची महिन्याला चार बाह्य सत्रे, म्हणजे एकूण ३२. हजेरीचे, विजेचे, अंतराचे आकडे गणित दाखवण्यासाठी गृहीत धरले आहेत, ते कोणत्याही प्रत्यक्ष विभागाचे नाहीत. उपकरणे, नियम आणि हिशेबाची रीत मात्र प्रत्यक्षातली आहे. आपल्या विभागाचे आकडे घालून कोणालाही तो पुन्हा करता येईल.

आधी कुठे काय खर्च होते ते मोजा

शाश्वततेचा विषय निघाला की पहिले बोट गाडीकडे जाते. मध्यवर्ती साठ्यातून विभागापर्यंत जाऊन-येऊन ६० किलोमीटर आणि महिन्याला दोन फेऱ्या धरू. डिझेलची छोटी व्हॅन लिटरला १२ किलोमीटर गेली तर महिन्याला १० लिटर लागतात. लिटरमागे सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे महिन्याला २७ किलो.

आता वीज. लससाठा आणि आठ केंद्रे अशा नऊ ठिकाणी एकेक आयएलआर (लस २ ते ८ अंशांत ठेवणारा खास फ्रिज) आणि एकेक डीप फ्रीझर, दोन्ही मिळून दिवसाला पाच युनिट खातात असे धरले तर महिन्याला १,३५० युनिट होतात. भारतातल्या विजेमागे युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे ९४५ किलो, गाडीच्या पस्तीसपट.

तिसरी गोष्ट कोणत्याच अहवालात येत नाही : शीतवायू. जुन्या यंत्रात आर-१३४ए भरलेला असतो आणि त्याची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. एका यंत्रातून १५० ग्रॅम गळला की २१५ किलोचा हिशेब झाला, म्हणजे गाडीच्या आठ महिन्यांच्या फेऱ्या. ‘गॅस भरला’ अशी नोंद एकाच यंत्रावर वर्षात दोनदा दिसली तर गळती शोधल्याशिवाय तिसऱ्यांदा भरू देऊ नये. नव्या यंत्रांत आर-६००ए असतो. त्याची क्षमता अगदी नगण्य आहे, पण तो ज्वलनशील असल्याने दुरुस्तीला त्याची माहिती असलेलाच तंत्रज्ञ लागतो.

त्यामुळे या विभागात मार्ग ठरवणारे सॉफ्टवेअर पहिल्या वर्षी घेऊ नये असे आमचे ठाम मत आहे. फार तर २७ किलोतले पाच-सात वाचतील. त्याऐवजी डीप फ्रीझर बघा. या पातळीवर तो फक्त आइस पॅक गोठवण्यासाठी असतो, लस त्यात ठेवायची नसते. आठवड्याला एकच बाह्य सत्र असलेल्या केंद्राला एका कॅरिअरसाठी चार आइस पॅक लागतात, आणि तेवढ्यासाठी यंत्र आठवडाभर रात्रंदिवस चालते. शेजारच्या दोन केंद्रांनी एकच फ्रीझर वापरला तर आठांपैकी चार बंद ठेवता येतात. दिवसाला तीन युनिटांप्रमाणे महिन्याचे ३६० युनिट, म्हणजे सुमारे २५० किलो. पल्स पोलिओच्या आधी मात्र चारही यंत्रे निदान चार दिवस अगोदर सुरू करून तपासायला हवीत, कारण तेव्हा आइस पॅक शेकड्यांनी लागतात. यात कृत्रिम बुद्धिमत्ता कुठेच नाही, सत्रांचे वेळापत्रक आणि बेरीज पुरते. जे बेरजेने सुटते ते बेरजेनेच सोडवावे.

वाया जाणे कुठून येते

आता डोसांकडे. सत्राला सरासरी सहा बाळे येतात, पण कधी तीन, कधी नऊ, आणि हा चढउतार साध्या योगायोगाचा आहे असे धरू. संख्याशास्त्रात याला पॉयसाँ वितरण म्हणतात. दहा डोसांची व्हायल वापरली तर सत्रामागे सरासरी ४.४ डोस फेकले जातात, म्हणजे उघडलेल्यांपैकी ४२ टक्के. महिन्याच्या ३२ सत्रांत १९२ बाळांना लस मिळते आणि १४१ डोस वाया जातात.

सत्राची सरासरी नऊ असली तर फेकले जाणारे डोस ३.९. बारा असली तर ४.६. चौदा असली तर ४.७. सहाच्या वर गेल्यावर सत्रामागे साधारण अर्धी व्हायल जातेच, बाळे किती का येईनात. टक्केवारी उतरते ती फक्त भागाकार मोठ्या आकड्याने होतो म्हणून. मान्य २५ टक्क्यांच्या आसपास यायला सत्राला सरासरी १४ बाळे लागतात. सहा बाळांच्या सत्रात २५ टक्के गाठण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे बाळांना परत पाठवणे. परिचारिकेकडे ‘तुमचे वाया प्रमाण जास्त का’ अशी विचारणा करण्याआधी हा हिशेब वरिष्ठांनी स्वतः कागदावर मांडून पाहावा. तिच्या हातात नसलेल्या गोष्टीचा जाब तिला विचारला जातो, आणि त्याची किंमत बाळ मोजते.

मग हातात काय आहे? एक, सत्रे एकत्र करणे. सहा-सहाची दोन सत्रे मिळून बाराचे एक केले तर दोन्ही मिळून फेकले जाणारे ८.८ डोस ४.६ वर येतात. पण दुसऱ्या वस्तीतल्या आईला रस्ता ओलांडून, रेल्वे रुळांच्या पलीकडे जावे लागले तर ती येणार नाही. मुंबईत नकाशावरचे तीनशे मीटर आणि चालायचे तीनशे मीटर एक नसतात. मध्ये नाला असतो, रूळ असतात, पादचारी पूल लांब असतो. एकत्रीकरणाचा निर्णय नकाशावरून न घेता त्या भागातल्या आरोग्य सेविकेला विचारून घ्यावा.

दोन, पाच डोसांची व्हायल. सरासरी सहाच्या सत्रात ती वापरली तर फेकले जाणारे डोस ४.४ वरून २.० वर येतात. महिन्याचे १४१ चे ६३ होतात. अडचण अशी की व्हायलचा आकार विभाग ठरवत नाही, वरून जे येईल ते वापरावे लागते. शिवाय लहान व्हायलला डोसामागे शीतसाखळीतली जागा जास्त लागते. दोन्ही आकार आले आणि पाच डोसांच्या कमी आल्या, तर त्या कुठे पाठवायच्या? इथे पहिल्यांदा अंदाजाची खरी गरज लागते.

सरासरी तीनच्या सत्रात दहाऐवजी पाचची व्हायल दिली तर फेकले जाणारे डोस ६.५ वरून २.२ होतात, वाचतात ४.३. सरासरी नऊच्या सत्रात ३.९ वरून २.० होतात, वाचतात १.९. म्हणजे लहान व्हायल लहान सत्राला दिली तर दुपटीहून जास्त फायदा. फक्त पुढच्या मंगळवारचे कोणते सत्र तीनचे आणि कोणते नऊचे हे सोमवारी कळायला हवे.

एक कडक सूचना : एकाच कॅरिअरमध्ये दोन्ही आकार कधीही पाठवू नयेत. पाच डोसांच्या एमआरला २.५ मिलिलिटर द्रावक लागते, दहाच्या व्हायलला ५. घाईत पाचच्या व्हायलमध्ये ५ मिलिलिटर पडले तर प्रत्येक बाळाला अर्ध्या ताकदीची लस जाते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. बीसीजीचे (क्षयरोगावरच्या लसीचे) द्रावक तर वेगळेच, नॉर्मल सलाइन. व्हायल तितकेच आणि त्याच उत्पादकाचे द्रावक, तेही आदल्या दिवसापासून २ ते ८ अंशांत ठेवलेले, हे कोणत्याही अंदाजाच्या आधी येते.

अंदाज बांधणारे मॉडेल

दोन थर पुरतात. पहिल्या थरात ड्यू लिस्टवरच्या प्रत्येक बाळाला ‘या सत्राला येण्याची शक्यता’ असा एक आकडा मिळतो. आधीच्या पेंटाच्या तीन डोसांना किती उशीर झाला, फोन लागतो का, सत्राचा वार, घरापासूनचे चालायचे अंतर, आरोग्य सेविकेची घरभेट झाली का एवढ्या माहितीवर साधे लॉजिस्टिक प्रतिगमन (हो किंवा नाही याची शक्यता काढणारी सांख्यिकी पद्धत) चालते. १४ बाळांची सरासरी शक्यता ०.४ निघाली तर ५.६ झाले. दुसऱ्या थरात यादीबाहेरून येणारी बाळे मोजायची : बांधकामाच्या साइटवर आलेली कुटुंबे, गावाहून परतलेल्या आया, दुसऱ्या विभागातून भाड्याने राहायला आलेले. त्यासाठी त्या ठिकाणच्या मागच्या सत्रांची नोंद, हंगाम आणि सणवार यांवर ग्रेडियंट बूस्टिंगसारखी (आधीची चूक सुधारत अनेक छोटे अंदाज जोडणारी) पद्धत. ०.८ निघाले तर एकूण ६.४.

हे सगळे विभागातल्या साध्या संगणकावर काही मिनिटांत होते. आठ-दहा ठिकाणे आणि दहा-बारा लसी यांसाठी महागडे सर्व्हर भाड्याने घेणे म्हणजे वीज वाचवण्याच्या कामात वीज घालवणे. बाळांची नावे, फोन, पत्ते केंद्राबाहेर जाण्याचेही कारण नाही. मॉडेलला क्रमांक, वय आणि अंतर एवढेच लागते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा विचारही पहिल्या दिवसापासून हवा.

मॉडेलने एकच आकडा देऊ नये. ‘६.४’ या आकड्यावर परिचारिका काहीच ठरवू शकत नाही. तिला हवे ते ‘बहुधा ४ ते ९, क्वचित १३’. किती व्हायल पाठवायच्या हे मधल्या आकड्यावरून ठरवायचे नाही, वरच्या टोकावरून ठरवायचे. त्यासाठी विभागाने एक गोष्ट उघडपणे ठरवावी : लस नाही म्हणून परत गेलेले एक बाळ किती वाया डोसांच्या बरोबरीचे मानायचे? आमचा आग्रह शंभराचा आहे. १:१०० धरले तर हिशेब सांगतो की १०० पैकी ९९ सत्रांत पुरेल इतका साठा न्यावा. हे महागही पडत नाही, कारण न उघडलेली व्हायल कॅरिअरमधून परत येते, व्हीव्हीएम (उष्णता लागली का ते दाखवणारी व्हायलवरची खूण) तपासून आयएलआरमध्ये जाते आणि पुढच्या वेळी सर्वांत आधी निघते. वाया जाते ती उघडलेली व्हायल. नेलेली आणि उघडलेली हा फरक मॉडेलच्या हिशेबात सुरुवातीलाच वेगळा ठेवावा.

तपासणीची रीतही आधी ठरवावी. मागच्या महिन्यापर्यंतच्या नोंदींवर शिकवायचे, पुढचा महिना ओळखायला लावायचा, मग एक महिना पुढे सरकायचे. असे सहा वेळा. तुलना दोन साध्या अंदाजांशी : मागच्या तीन महिन्यांची सरासरी, आणि नऊ महिन्यांपूर्वीची जन्मनोंद. दुसरी पद्धत आश्चर्य वाटावे इतकी चांगली चालते, कारण एमआरचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो आणि ती बाळे आधीच जन्मलेली असतात. मॉडेल या दोघांना हरवत नसेल तर ते वापरू नये. शिवाय ‘९९ टक्क्यांना पुरेल’ हा दावा तीन महिन्यांच्या ९६ सत्रांवर तपासता येत नाही, कारण तेवढ्यात चुकायला हवे ते फार तर एकदा. म्हणून मॉडेलकडून ९० टक्क्यांची मर्यादाही काढून घ्यावी आणि प्रत्यक्ष हजेरी ती साधारण दहा वेळा ओलांडते का ते पाहावे. चारच वेळा ओलांडली तर मॉडेल घाबरट आहे, वीस वेळा ओलांडली तर अतिआत्मविश्वासू.

काय बिघडते

सर्वांत घातक चूक डोळ्यांना दिसत नाही. साठा संपलेल्या दिवशी नोंदीत ‘दिलेले डोस : ०’ असे येते. मॉडेल समजते की त्या दिवशी कोणी आलेच नाही. पुढच्या वेळी ते कमी व्हायल सुचवते, साठा पुन्हा संपतो, पुन्हा शून्य. ज्या वस्तीला आधीच कमी मिळत होते तिला आणखी कमी मिळू लागते, आणि पडद्यावर सगळे हिरवे दिसते. उपाय दोन : साठा शून्य असलेले तास वेगळे चिन्हांकित करून शिकवण्यातून वगळणे, आणि परत गेलेल्या बाळांची नोंद ठेवणे.

दुसरी गफलत आकड्यांच्या अर्थाची. ई-विन या लससाठ्याच्या सरकारी संगणक प्रणालीत साठ्याची आवक-जावक असते. ‘जावक’ म्हणजे केंद्राने सत्राला दिलेल्या व्हायल, बाळांना मिळालेले डोस नव्हेत. बाळांची नोंद टॅली शीटवर (सत्रातल्या नोंदीच्या कागदावर) आणि यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर असते. जावकेला मागणी समजून शिकवलेले मॉडेल परिचारिकेची सवय शिकते, वस्तीची गरज शिकत नाही.

तिसरी गोष्ट दिनदर्शिकेची. बाहेरून आणलेली अंदाज-सॉफ्टवेअर महिना आणि आठवडा ओळखतात, तिथी ओळखत नाहीत. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक मासामुळे १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला. कोकणातली कुटुंबे गणपतीला गावी गेली की लालबाग-परळपासून भांडुप-विक्रोळीपर्यंतची सत्रे ओस पडतात आणि विसर्जनानंतर एकदम भरतात. रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतो. त्या महिन्यात कुर्ला-गोवंडीत सत्राची वेळ बदलली की हजेरीही बदलते. मे महिन्यात उत्तरेकडच्या गाड्या भरून जातात. या तारखा मॉडेलला हाताने भरून द्याव्या लागतात. तासाभराचे काम आहे आणि फायदा महागड्या मॉडेलपेक्षा जास्त.

याच धाग्यातला खास आपल्याकडचा प्रश्न म्हणजे माहेरी होणारे बाळंतपण. बीसीजी आणि जन्मवेळची हिपॅटायटिस-बी साताऱ्याला किंवा जौनपूरला, पेंटाचा पहिला डोस मुंबईत. किंवा उलट. म्हणून जन्मनोंदीवरून काढलेला अंदाज थेट वापरता येत नाही. ‘इथे जन्मलेल्यांपैकी इथेच नऊ महिन्यांनी दिसणारे’ आणि ‘बाहेर जन्मून इथे दिसणारे’ अशी दोन प्रमाणे केंद्रनिहाय काढावी लागतात.

चौथे, असामान्य काळ. २०१८-१९ ची गोवर-रुबेला मोहीम, २०२० ची टाळेबंदी, २०२२ च्या साथीतले जादा डोस : हे महिने खूण करून बाजूला ठेवले नाहीत तर मॉडेल दर हिवाळ्यात साथीची वाट पाहत बसते.

आणि पाचवे, माणसांशी संबंधित. येण्याची शक्यता कमी असलेली बाळे मॉडेल नेमकी ओळखते. ती यादी लस कमी पाठवण्यासाठी वापरली तर मॉडेलने अन्याय पक्का केला. तीच यादी शनिवारी आरोग्य सेविकेच्या हातात घरभेटीसाठी दिली तर काम झाले. आठवड्याला दहा भेटी शक्य असतील तर दहाच नावे द्यावीत. पन्नास नावांची यादी कोणी वाचत नाही.

प्रसूतिगृहातली बीसीजी

रोज सरासरी तीन बाळे आणि दहा डोसांची बीसीजी. रोज व्हायल उघडली तर ६८ टक्के वाया, मान्य प्रमाण ५० टक्के. एक दिवसाआड उघडली तर सहा बाळांच्या हिशेबाने ४२ टक्के. मोह होतो, आणि सिझेरियनच्या आया दोन दिवसांहून जास्त राहतात म्हणून तो चुकीचाही नाही. पण सकाळी डिस्चार्जची यादी पाहिल्याशिवाय हे करायचे नाही. आज घरी जाणारे एकही बाळ बीसीजीविना असेल तर आज व्हायल उघडायची, वार कुठलाही असो. हिपॅटायटिस-बीचा जन्मवेळचा डोस तर २४ तासांतच द्यायचा असतो, त्याला हा नियम मुळीच लावू नये.

थंडीचे नुकसान आणि तापमानाच्या नोंदी

उष्णतेने खराब झालेली व्हायल व्हीव्हीएम दाखवतो : आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की टाकायची. गोठलेली व्हायल तो दाखवत नाही. पेंटा, हिपॅटायटिस-बी, टीडी (धनुर्वात-घटसर्प), पीसीव्ही (न्यूमोकोकल) या लसी एकदा गोठल्या की निकामी होतात, बाहेरून मात्र तशाच दिसतात. संशय आला तर शेक टेस्ट करावी, म्हणजे व्हायल हलवून गाळ किती लवकर बसतो ते पाहावे. गोठण्याची जागा बहुतेक वेळा कॅरिअर असते : सकाळच्या घाईत आइस पॅक फ्रीझरमधून थेट आत जातात. पॅक बाहेर ठेवून हलवल्यावर आतल्या पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचे असते. पावसाळ्याच्या दमट हवेत पॅकवर बाहेरून पाणी लवकर धरते आणि पॅक तयार झाला असा भास होतो. बाहेरची ओल म्हणजे आतले पाणी नव्हे, आवाज ऐकायलाच हवा.

आयएलआरमधल्या तापमानाच्या नोंदींवर मॉडेल चांगले काम करते, कारण तिथे माहिती दर काही मिनिटांनी येते. प्रचलित धोक्याच्या खुणा दोन : ८ अंशांवर सलग दहा तास, किंवा उणे ०.५ अंश वा खाली एक तास. पण तोवर उशीर झालेला असतो. तापमान २ ते ८ च्या आतच असताना कॉम्प्रेसर किती वेळ चालतो हे प्रमाण आठवड्यागणिक वाढत गेले, समजा ४० टक्क्यांवरून ६५ वर, तर दाराचे रबर सैल झाले आहे, कंडेन्सरवर धूळ बसली आहे किंवा यंत्र भिंतीला टेकले आहे. भिंतीपासून हातभर नाही तरी दहा सेंटिमीटर अंतर हवेच. हे प्रमाण तापमानाच्या करवतीसारख्या रेषेवरून काढता येते, वायरवर छोटा मीटर बसवला तर अधिक नेमके. लस वाचते आणि वीजही वाचते.

खोट्या इशाऱ्यांवर मात्र आधी बंदोबस्त करावा. डीफ्रॉस्ट करताना सेन्सर काढून ठेवला, परत लावताना आतल्या बर्फाळ भिंतीला टेकला, की रात्रभर गोठण्याचे संदेश येतात. तीन रात्री असे झाले की फोन सायलेंट होतो, आणि चौथ्या रात्रीचा खरा इशारा कोणी पाहत नाही. म्हणून डीफ्रॉस्टची वेळ नोंदवण्याची सोय, सेन्सर टोपलीत व्हायलच्या मध्ये बांधलेला, आणि एका यंत्रासाठी एका रात्री एकाच माणसाला एकच फोन.

वीज जाण्याची तयारीही नोंदींवरूनच होते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई आणि परिसराची वीज सकाळी एकदम गेली होती. अशा वेळी प्रत्येक आयएलआर किती तास तग धरतो हे कंपनीच्या पत्रकात असते, पण दहा वर्षे जुन्या यंत्राचे उत्तर त्याच्या स्वतःच्या नोंदीत असते. आधी वीज थोडा वेळ गेली तेव्हा तापमान तासाला किती चढले यावरून प्रत्येक यंत्राचे ‘उरलेले तास’ काढून दारावर चिकटवावेत.

पावसाचे तर सरळ नियमानेच भागते. मोठ्या भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते. साडेचार मीटरवरची भरती आणि हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट एकत्र आले की त्या आठवड्याचा पुरवठा दोन दिवस आधी पोचवायचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तसा दिवस मॉडेलला शिकवता येत नाही. त्याला २५ टक्के राखीव साठाच उत्तर देतो.

पहिले सहा महिने

पहिले दोन महिने काहीही न बदलता फक्त नोंदी सुधाराव्यात : सत्रागणिक नेलेल्या व्हायल, उघडलेल्या व्हायल, उघडण्याची वेळ, लस दिलेली बाळे, परत गेलेली बाळे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मॉडेलचा अंदाज फक्त विभागाच्या साठा-प्रमुखाला दिसावा, केंद्रांना नाही, म्हणजे तुलना स्वच्छ राहते. पाचव्या महिन्यापासून चार केंद्रांत सुचवणी सुरू करावी, चार जुन्या पद्धतीने चालू द्यावीत. सुचवणीपेक्षा परिचारिकेला जास्त व्हायल न्याव्याशा वाटल्या तर न्यायची मुभा असावी, कारण लिहिण्याची सक्ती नसावी. पुढे तिच्या या दुरुस्त्याच मॉडेलला शिकवाव्यात. वस्तीत लग्न आहे हे तिला माहीत असते.

मुदत जवळ आलेल्या लसींची केंद्रांमधली अदलाबदलही याच टप्प्यात सुरू होते. इथे अंदाजाचे खालचे टोक घ्यायचे : कमीत कमी किती खपेल? त्याहून जास्त असलेला साठा मुदतीच्या सहा आठवडे आधी हलवायचा. शेवटच्या पंधरवड्यात हलवलेली लस बहुधा नव्या जागीच संपते, कचऱ्यात. मुंबईचा जैववैद्यकीय कचरा वर्षानुवर्षे देवनारच्या भट्टीत जाळला गेला आणि त्या धुराविरुद्ध आवाज उठवला तो गोवंडीच्याच रहिवाशांनी. वाया गेलेला डोस, त्याची सिरिंज आणि खोका यांचा भार शहरावर सारखा पडत नाही.

परत गेलेल्या बाळांचा रकाना टॅली शीटवर सर्वांत डावीकडे छापावा, वाया डोसांच्या आधी. नाव नको, वय आणि कारण पुरे : साठा नव्हता, व्हायल उघडली नाही, वेळ संपली, बाळाला ताप होता. महिन्याच्या बैठकीत आधी हा रकाना वाचावा आणि वाया प्रमाणाची चर्चा त्यानंतर करावी. एखाद्या केंद्राचा हा रकाना सलग तीन महिने कोरा आला तर मॉडेलला काही विचारू नये. विभागातल्या कोणीतरी मंगळवारी दुपारी दीड ते तीन त्या बालवाडीत जाऊन बसावे आणि दारातून कोण परत फिरते ते स्वतः मोजावे.